चौकशी झाली, सभागृहाने काय ऐकले?

जालना रस्त्याने शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे टाकली की करमाड लागते. रेल्वेचे स्थानक, बाजारपेठ आणि भोवतालच्या खेड्यांची वर्दळ असलेले हे गाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी जाता-येता पाहिलेले आहे. या गावाचा, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही गावाचा, सरपंच आपल्या पदाचा गैरवापर करू लागला तर त्याचे काय करावे, हे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले आहे. कर्तव्य बजावताना गैरवर्तन, लांच्छनास्पद वर्तन, कर्तव्यातील हयगय किंवा असमर्थता यांपैकी काहीही आढळले तर विभागीय आयुक्तांच्या आदेशाने जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात. पंचायतीला व संबंधित व्यक्तीला रीतसर नोटीस दिली जाते. तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. आणि मग आयुक्त तिला पदावरून दूर करू शकतात. निर्णय अन्यायाचा वाटला तर शासनाकडे अपील करण्याची सोय आहे. याशिवाय वर्षाचा हिशेब, कारभाराचा अहवाल आणि लेखापरीक्षणाचे टिपण ग्रामसभेपुढे मांडावे लागते ते निराळेच. करमाडचे नाव आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतले आहे. तेथील कोणाही पदाधिकाऱ्याविषयी आमची काही तक्रार आहे असे कोणी समजू नये. आमचा मुद्दा इतकाच की, गावाच्या प्रमुखाला प्रश्न कोणी विचारावा, कोणत्या रीतीने विचारावा आणि त्याचे उत्तर कोणापुढे व्हावे, याची वाट कायद्याने आखून दिलेली आहे.

आता याच पायरीने वर चढत जाऊन राज्याच्या प्रमुखापर्यंत पोचावे. मुख्यमंत्र्यांवर गैरवर्तनाचा आरोप आला, त्याची चौकशी झाली, चौकशी करणाऱ्याने आपला निष्कर्ष लिहून दिला, तर पुढे काय होते? राज्यघटनेच्या १६४ व्या कलमान्वये मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. साध्या माणसाला वाटेल की, जबाबदारी ज्या सभेला आहे ती सभा चौकशी करणाऱ्याला बोलावील, त्याचा अहवाल त्याच्याच तोंडून ऐकेल, त्याला खोदून खोदून प्रश्न विचारील, आरोप ज्यांच्यावर आहे त्यांचेही म्हणणे ऐकेल आणि मग आपले मत देईल. महाराष्ट्राच्या स्थापनेला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात मुख्यमंत्र्यांवर आरोप झाले, मुख्यमंत्र्यांनी राजीनामे दिले, न्यायालयांनी ताशेरे ओढले, आयोगांनी अहवाल सादर केले. परंतु विधिमंडळाने स्वतः साक्ष घेऊन आपल्या प्रमुखाच्या वर्तनाचा निवाडा केला, असा प्रसंग या राज्याच्या इतिहासात दाखविता येणार नाही. ही उणीव किरकोळ नाही, आणि तिची किंमत राज्याने वारंवार मोजली आहे, असे आम्हांला वाटते.

राज्यकर्त्याच्या अपराधाची चौकशी ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. १७७३ च्या ऑगस्टअखेरीस शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या खुनाचा शोध रामशास्त्री प्रभुण्यांनी घेतला आणि अपराधाचे सूत्र रघुनाथरावांपर्यंत जाऊन पोचते हे त्यांना दिसून आले. गादीवर बसलेल्या पुरुषाला त्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवांनी पुणे सोडले, ही हकीकत महाराष्ट्रातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तिचा अभिमान बाळगताना तिच्यातील एक गोष्ट मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. शास्त्रीबुवांपाशी निर्णय होता, पण तो ज्यांच्यापुढे मांडावा आणि ज्यांनी तो अंमलात आणावा अशी कोणतीही सभा त्या राज्यव्यवस्थेत नव्हती. म्हणून न्यायाधीशाला राजधानी सोडावी लागली आणि आरोपी गादीवर राहिला. पुढे बारभाईंनी त्याला पायउतार केले ते राजकारणाच्या आणि फौजेच्या बळावर. रामशास्त्र्यांच्या निःस्पृहतेची बरोबरी आज कोणी करू शकेल की नाही हे सांगता येत नाही. पण त्यांच्यापाशी जे नव्हते ते आपल्यापाशी आहे. २८८ सदस्यांची विधानसभा आहे, विधान परिषद आहे, समित्या आहेत, साक्षीदारांना बोलावण्याचे अधिकार आहेत. एवढे असूनही आपले चौकशी करणारे आपला अहवाल मंत्रालयात पोचवून शास्त्रीबुवांसारखेच मुकाट्याने घरी परततात.

प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या वर्षांत ही स्थिती नव्हती, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. १९५१ साली मुंबईचे एक संसद सदस्य हुच्चेश्वर मुद्गल यांच्यावर, मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिच्या हिताचे प्रश्न विचारल्याचा आरोप आला. पंडित नेहरूंनी तो पक्षांतर्गत बाब म्हणून दडपला नाही. सभागृहाची एक समिती नेमण्यात आली, तिने साक्षी घेतल्या, मुद्गलांना आपली बाजू मांडू दिली आणि सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे वर्तन घडल्याचा निर्णय दिला. हकालपट्टीच्या ठरावाला सामोरे जाण्याऐवजी मुद्गलांनी राजीनामा पुढे केला, तेव्हा सभागृहाने त्या खटपटीचाही निषेध नोंदविला. त्या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. काळाचा महिमा असा की, सात वर्षांनी तेच कृष्णम्माचारी देशाचे अर्थमंत्री असताना चौकशीच्या पिंजऱ्यात आले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले होते. त्या व्यवहाराचा प्रश्न फिरोझ गांधी यांनी लोकसभेत धसास लावला. सत्ताधारी पक्षाच्या सदस्याने, आणि तोही पंतप्रधानांचा जावई असताना, आपल्याच सरकारला असे धारेवर धरावे, ही त्या काळाची मिरास होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा आयोग नेमण्यात आला. चौकशी मुंबईत, भर लोकांत झाली. दालनात न मावणाऱ्या श्रोत्यांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री आणि अर्थसचिव दोघांच्याही साक्षी झाल्या. एका महिन्याच्या आत, १० फेब्रुवारी १९५८ रोजी, अहवाल सादर झाला आणि त्याच महिन्यात अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. सचिवाच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, हे न्यायमूर्ती छागला यांनी त्या वेळी घालून दिलेले सूत्र आजही तितकेच खरे आहे. छागला आयोगाच्या कार्यपद्धतीवर पुढे कायदेपंडितांनी आक्षेप घेतले आणि काही बाबतींत ते अस्थानी नव्हते. परंतु प्रश्न सभागृहात उपजला, चौकशी लोकांसमक्ष झाली आणि निष्कर्ष पुन्हा सभागृहाच्या दारी येऊन निकालात निघाला. जबाबदार राज्यपद्धतीचे वर्तुळ असे पुरे झालेले त्या पिढीने पाहिले.

महाराष्ट्रात हे वर्तुळ पुरे होत नाही. १९८१ साली बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानासाठी देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध वृत्तपत्रांनी उजेडात आणला. तेव्हा सिमेंट नियंत्रित होते; घर बांधणाऱ्या सामान्य गृहस्थाला चार पोत्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत होते. जनता पक्षाचे प. बा. सामंत न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचे नाते प्रस्थापित झाल्याचा निर्णय दिला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. हे काम न्यायालयाने केले, आणि ते न्यायालयात गेलेल्या नागरिकांमुळे झाले. ज्या विधानसभेला मुख्यमंत्री जबाबदार होते तिने या प्रकरणी एकाही साक्षीदाराला शपथ दिली नाही. पुढे रामदास नायक यांनी फौजदारी फिर्याद केली आणि मग वर्षानुवर्षे वाद चालला तो गुन्हा घडला की नाही याचा नव्हे. आमदार हा लोकसेवक आहे काय, पद सोडल्यावर खटल्यास मंजुरी लागते काय, खटला कोणत्या न्यायालयात चालावा, यावरच सर्वोच्च न्यायालयाचे १९८४ आणि १९८८ चे गाजलेले निकाल झाले. अंतुले यांना शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही. ते पुढे केंद्रात मंत्रीही झाले. त्यांनी अपराध केला की त्यांच्यावर अन्याय झाला, याचे स्वच्छ उत्तर महाराष्ट्राला कधीच मिळाले नाही. अंतुल्यांनंतर चारच वर्षांनी आमच्या मराठवाड्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांमुळे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. तेथेही निवाडा झाला तो न्यायासनापुढे, आणि ते ताशेरे योग्य होते काय याचा वाद वरच्या न्यायालयांत चालू राहिला. सभागृह दोन्ही वेळा प्रेक्षक होते.

परंतु या उणिवेचे संपूर्ण दर्शन घडले ते ‘आदर्श’ प्रकरणात. कुलाब्यासारख्या मोक्याच्या जागी ‘आदर्श’ सहकारी गृहनिर्माण संस्थेची ३१ मजली इमारत उभी राहिली. मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या नातेवाइकांची नावे सदनिकाधारकांत असल्याचे बाहेर येताच नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी २०११ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती जे. ए. पाटील आणि माजी मुख्य सचिव पी. सुब्रह्मण्यम यांचा आयोग नेमला गेला. २०१२ च्या उन्हाळ्याअखेर विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे आणि अशोक चव्हाण या तिन्ही माजी मुख्यमंत्र्यांच्या साक्षी आयोगापुढे झाल्या. एकाच राज्याचे तीन माजी प्रमुख एकाच व्यवहाराबद्दल शपथेवर उत्तरे देत आहेत, हा देखावा भारतात विरळाच. आणि त्या साक्षींचा सारांश काय? जमीन दिली ती महसूल खात्याच्या प्रस्तावावरून. निर्णय झाला तो आधीच्यांच्या किंवा नंतरच्यांच्या काळात. नस्ती आली ती अधिकाऱ्यांच्या शिफारशीसह. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला त्या आठवड्यात असे वाटले असेल की, हे राज्य कोणी चालवीतच नव्हते, नस्त्या आपापल्या पायांनी चालत होत्या! छागलांनी १९५८ मध्ये घालून दिलेले सूत्र याच मुंबईत चोपन्न वर्षांनी असे वाऱ्यावर उडाले. त्या उत्तरांवर पुढचा प्रश्न विचारण्याचा हक्क आणि कर्तव्य ज्यांचे होते ते आमदार मात्र वृत्तपत्रांतूनच ती उत्तरे वाचत होते.

एप्रिल २०१३ मध्ये आयोगाने अंतिम अहवाल दिला. चौकशी आयोग कायद्याप्रमाणे अहवाल सहा महिन्यांच्या आत कृती अहवालासह सभागृहापुढे यावयास हवा. तो आला आठ महिन्यांनी, २० डिसेंबर २०१३ रोजी, नागपूर अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी. आणि आला तो मंत्रिमंडळाने फेटाळल्याच्या निवेदनासह. चार माजी मुख्यमंत्र्यांवर, त्यांत वर उल्लेखिलेल्या निलंगेकरांवरही, आयोगाने ठपका ठेवला होता. त्यांपैकी विलासराव तर अहवाल येण्यापूर्वीच, ऑगस्ट २०१२ मध्ये, निवर्तले होते. ज्या पक्षाच्या नेत्यांवर ठपका त्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाने तो फेटाळावा आणि सभागृहाला सविस्तर चर्चेचाही अवसर राहू नये, हा प्रकार कोणत्या जबाबदार राज्यपद्धतीत बसतो? पुढे दिल्लीहून खुद्द पक्षाच्या उपाध्यक्षांनी जाहीर नापसंती व्यक्त केली तेव्हा जानेवारी २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने फेरविचार करून अहवालाचा काही भाग स्वीकारला. म्हणजे जे सभागृहातील २८८ प्रतिनिधींना करता आले नाही ते एका नेत्याच्या चार वाक्यांनी झाले! लोकप्रतिनिधींच्या सभेचा याहून मोठा उपमर्द कोणता असू शकेल?

त्यानंतरची कथा सर्वांना ठाऊक आहे. २०१३ मध्ये एका राज्यपालांनी चव्हाणांवर खटला भरण्यास मंजुरी नाकारली. २०१६ मध्ये, केंद्रातील व राज्यातील सत्ता पालटल्यानंतर, दुसऱ्या राज्यपालांनी ती दिली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आयोगाचे निष्कर्ष हे मत होय, न्यायालयात टिकणारा पुरावा नव्हे, ही त्या निकालामागील भूमिका कायद्याला धरूनच होती. आयोगाचा निष्कर्ष ही केवळ शिफारस, हे सर्वोच्च न्यायालयाने दालमिया प्रकरणात १९५८ सालीच सांगितले होते. आयोगापुढे दिलेली जबानी त्या माणसाविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, हेही १९५२ चा कायदाच सांगतो. तेव्हा न्यायालयाकडे बोट दाखवून चालणार नाही. विचारावयाचे ते असे की, आयोगाचा अहवाल जर खटल्याचा पुरावा नाही, तर तो आहे कोणासाठी? कायद्याने तो सभागृहाच्या पटलावर ठेवण्यास सांगितले आहे, त्याअर्थी तो सभागृहासाठी आहे. सभागृहाने तो वाचला नाही, त्यावर प्रश्न विचारले नाहीत, मत दिले नाही, तर तो कोणासाठीच नाही. मग त्यावर खर्च झालेला पैसा, वेळ आणि दोन विद्वान गृहस्थांचे श्रम हे सारे पालथ्या घड्यावरचे पाणी ठरते.

येथे आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने मांडू इच्छितो. हा प्रश्न दोषींना शासन व्हावे एवढ्यापुरताच नाही. अशोक चव्हाण यांनी आरोप सतत नाकारले आहेत आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरविलेले नाही. ते निर्दोष असतील, तर ज्या सभेचे ते नेते होते त्या सभेपुढे उभे राहून आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याची आणि सभेच्या मुखाने ते वदवून घेण्याची संधी त्यांनाही मिळाली नाही. त्यांच्या वाट्याला आली ती मंजुरीची हुलकावणी. एका सरकारच्या काळात नाकारलेली, दुसऱ्याच्या काळात दिलेली, तिसऱ्या ठिकाणी रद्द झालेली. पक्षांतर केले म्हणजे आरोप धुतले जातात आणि न केले तर चिकटून राहतात, असा जो समज अलीकडे चव्हाट्यावर उघड बोलला जातो, तो खरा असो वा खोटा, या अनिर्णयाच्या चिखलातच उगवलेला आहे. निर्णयाविना राहिलेला आरोप निर्दोष माणसाला आयुष्यभर डागतो आणि दोषी माणसाला आयुष्यभर आडोसा देतो.

अमेरिकेत ही गोष्ट कशी चालते हे पाहणे बोधप्रद आहे. तेथील अध्यक्ष हा विधिमंडळाला आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा रोजचा जबाबदार नसतो. त्याला अविश्वासाच्या ठरावाने घालविता येत नाही. तरीही अध्यक्षाच्या वर्तनाविषयीची साक्ष तेथे काँग्रेसच्या समितीपुढे, देशाच्या देखत होते. १९७३ च्या मे महिन्यापासून सिनेटर सॅम आर्विन यांच्या समितीपुढे वॉटरगेट प्रकरणाच्या साक्षी सुरू झाल्या. १६ जुलै रोजी अलेक्झांडर बटरफील्ड नावाच्या एका माजी अधिकाऱ्याने, अध्यक्षांच्या कचेरीतील संभाषणे ध्वनिमुद्रित होत होती, हे सांगितले. त्या एका उत्तरातून पुढची सारी मालिका निर्माण झाली आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी रिचर्ड निक्सन यांना पद सोडावे लागले. २०१९ साली रॉबर्ट म्यूलर यांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविषयीचा ४४८ पानांचा अहवाल दिल्यानंतर, २४ जुलै रोजी ते प्रतिनिधिसभेच्या दोन समित्यांपुढे साक्षीला बसले. अहवालाने अध्यक्षांना दोषमुक्त केलेले नाही, हे त्यांनी तेथे स्पष्ट शब्दांत सांगितले.

अर्थात सोन्याला झळाळी असते तशी कसोटीही असते. म्यूलर यांची ती साक्ष पाहिलेल्यांना हेही आठवेल की, बहुतेक प्रश्नांना त्यांनी अहवालाकडेच बोट दाखविले. एका पक्षाचे सदस्य त्यांची स्तुती करीत होते आणि दुसऱ्याचे त्यांच्या हेतूंवर शंका घेत होते. आणि अखेर त्या साक्षीने कोणाचे मत फारसे बदलले नाही. वॉटरगेटच्या वेळी अध्यक्षांच्या पक्षातीलच सदस्य सत्य कळावे म्हणून प्रश्न विचारीत होते. २०१९ मध्ये ती वृत्ती उरली नव्हती. कार्यपद्धती तीच असली तरी माणसे बदलली की फळ बदलते. आपल्याकडील टीकाकार नेमके यावरच बोट ठेवतील. आमच्या आमदारांना साक्ष घेण्याचे अधिकार दिले तर तेथे तमाशाच होईल, बहुमत आपल्या नेत्याला पाठीशी घालील आणि विरोधक कॅमेऱ्याकडे पाहून भाषणे ठोकतील, असे ते म्हणतील. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु त्याचे उत्तर असे की, आज जे चालले आहे त्यातही पक्षपात आहेच. तो केवळ बंद दाराआड आहे. नस्तीवरचा पक्षपात कोणाला दिसत नाही. समितीत, उघडपणे, साक्षीदाराच्या तोंडून आलेले सत्य अडविणाऱ्या आमदाराचे नाव मात्र त्याच्या मतदारसंघातील चावडीवर त्याच संध्याकाळी पोचते. बटरफील्ड यांच्या उत्तराने अमेरिकेच्या इतिहासाला वळण मिळाले ते सारे सदस्य साधुपुरुष होते म्हणून नव्हे; ते उत्तर लोकांनी ऐकले होते आणि ते न ऐकल्यासारखे करणे कोणालाच शक्य राहिले नव्हते म्हणून.

आपल्याकडे समित्यांच्या बैठका खाजगी असतात, अहवाल सादर होईपर्यंत साक्षी प्रसिद्ध करता येत नाहीत, आणि मंत्र्यांना वित्तीय समित्यांपुढे साक्षीला न बोलावण्याचा संसदीय प्रघात आहे. एरवीच्या हिशेबतपासणीत या प्रघातामागे सबळ कारणे आहेत. सचिवाने हिशेब द्यावा आणि मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यावे, ही वाटणी समजण्यासारखी आहे. परंतु आरोप जेव्हा खुद्द सरकारच्या प्रमुखावर असतो तेव्हा ही वाटणी कोलमडते, कारण सभागृहाचे कामकाज ठरविण्यात ज्याचा वरचष्मा तोच उत्तरदायी असतो.

नव्या लोकायुक्त विधेयकाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला आणि देशात लोकायुक्त पद प्रथम प्रत्यक्षात आणण्याचा मान मिळविला. पण त्या कायद्याने मुख्यमंत्र्यांना वगळले होते. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेने संमत केलेल्या विधेयकाने मुख्यमंत्र्यांना लोकायुक्तांच्या कक्षेत आणले. याचे स्वागत सर्वांनी केले आणि आम्हीही करतो. परंतु त्याच विधेयकात अशी तरतूद आहे की, मुख्यमंत्र्यांची चौकशी सुरू करण्यापूर्वी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांची संमती घ्यावी. २८८ पैकी १९२ सदस्य! ज्या नेत्यामागे सभागृहाचे बहुमत आहे म्हणूनच तो मुख्यमंत्री आहे, त्याची नुसती चौकशी आरंभण्यासाठी दोन-तृतीयांश मते कोठून यावीत? करमाडच्या सरपंचाची चौकशी करण्यापूर्वी दोन-तृतीयांश पंचांची संमती आणा असे कोणी म्हटले असते तर ग्रामसभाही हसली असती. सभागृहाला चौकशीच्या उंबरठ्यावर पहारा करण्यास बसविणे आणि चौकशी संपल्यावर मात्र त्याला काही ऐकू न देणे, ही रचना मुळातच उलटी आहे. सभागृहाची जागा उंबरठ्यावर नाही. ती चौकशीच्या शेवटी आहे.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. मुख्यमंत्र्यांच्या वा मंत्र्यांच्या वर्तनाविषयी आयोगाने दिलेला अहवाल सहा महिन्यांच्या मुदतीत सभागृहात आलाच पाहिजे. मुदत टळली तर अध्यक्षांनी तो स्वतः मागवावा आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत असा अहवाल ठेवण्यास नियमाने बंदी असावी. अहवाल येताच तो विधिमंडळाच्या एका समितीकडे जावा. १९६७ पासून लोकसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा जो प्रघात आहे, त्याच धर्तीवर या समितीचे अध्यक्षपदही विरोधी पक्षाकडे असावे. समितीने आयोगाच्या सदस्यांना पाचारण करून त्यांच्याकडून अहवाल समजावून घ्यावा. ज्यांच्यावर ठपका आहे त्यांना आपली बाजू मांडण्याचा हक्क असावा आणि त्यांनी ती मांडावी अशी अपेक्षाही असावी. संरक्षणविषयक गुपिते किंवा चालू खटल्याचा तपास यांपुरते अपवाद सोडून हे सारे कामकाज उघड व्हावे. समितीने कोणाला अपराधी ठरवू नये, ते न्यायालयाचे काम आहे. हा गृहस्थ या पदास योग्य राहिला की नाही, एवढेच तिने सांगावे आणि त्यावर सभागृहाने नावानिशी मतदान करावे. मंत्रिमंडळाचा कृती अहवाल त्यानंतर यावा, आधी नव्हे. यांतील बव्हंशी गोष्टींसाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. सभागृहाचे नियम सभागृहच करते. १९५१ च्या संसदेने एक समिती नेमून जे केले ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाला करता येऊ नये असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही.

कोणताही सत्ताधारी पक्ष हे आपखुशीने करील, अशी भाबडी आशा आम्ही धरीत नाही. आज जे विरोधात बसून या सूचनांचे स्वागत करतील तेच उद्या सत्तेवर आले की त्यांना राज्यकारभाराची गोपनीयता आठवेल. तसे पूर्वी घडलेले आहे. म्हणून हा आग्रह सुशिक्षित नागरिकांनी धरला पाहिजे, आणि या बाबतीत आमच्या मध्यमवर्गाला चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. मुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला की आपण समाधान मानतो. जणू पद गेले म्हणजे सत्य मिळाले! १९८२ मध्ये तसेच झाले, १९८६ मध्ये तसेच झाले, २०१० मध्ये तसेच झाले. पुढे अहवालाचे काय झाले, तो कोणी वाचला, आपल्या आमदाराने त्यावर काय प्रश्न विचारला, याची विचारपूस आपण केली नाही. आमच्या मराठवाड्याने या राज्याला शंकरराव चव्हाणांपासून अशोक चव्हाणांपर्यंत चार मुख्यमंत्री दिले, याचा आपण अभिमान मिरवितो. त्यांच्यापैकी तिघांवर आयोगाने ठपका ठेवला, तो खरा होता की खोटा, हे जाणून घेण्याची उत्कंठा मात्र आपल्याला वाटली नाही. मतदारसंघात येणाऱ्या आमदाराला रस्त्याविषयी आणि पाण्याविषयी आपण विचारतो आणि तसे विचारलेच पाहिजे. पण आपल्या नेत्याच्या वर्तनाचा निवाडा करण्याच्या वेळी तुम्ही कोठे होता, हाही प्रश्न त्याला विचारला गेला पाहिजे.

करमाडच्या ग्रामसभेत वर्षाचा हिशेब वाचून दाखवला जात असताना मागच्या रांगेतला एखादा शेतकरी उठून, ‘हा खर्च कशाचा?’ असे विचारू शकतो आणि सरपंचाला त्याचे उत्तर द्यावे लागते. तेवढाच हक्क त्या शेतकऱ्याच्या आमदाराने विधानभवनात राज्याच्या प्रमुखाबाबत बजावावा, याहून अधिक काही आम्ही मागत नाही.